बोल्ट शाबूत आहेत

तीस वर्षं मी सरकारी पगारावर दगड वाजवले. ऐकायला विचित्र वाटेल, पण नोकरीच तशी होती. डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या उतारावर दोराला लटकायचं, हातोडीनं एकेक दगड ठोकायचा आणि कान द्यायचा. ठण्ण वाजला तर पक्का. बद्द वाजला तर मागं फट आहे, दगड सुटलाय. मग फटीत पहार घालून त्याला आपण होऊन खाली घ्यायचा, म्हणजे तो त्याच्या सवडीनं कुणाच्या मोटारीवर येणार नाही. खात्यात मला ‘ठोक्या’ म्हणायचे. बायको घरातही म्हणते, पण तिची कारणं वेगळी आहेत.

माझे साडूभाऊ दगडावर चढायचं सामान विकतात. बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, त्यामुळे घरच्या प्रत्येक समारंभात माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. दुकान मात्र देखणं आहे हो, खोटं का बोला! एका भिंतीवर अकरा रंगांची हेल्मेटं, दुसरीवर दोरांची वेटोळी, मधल्या काचेच्या कपाटात दागिने मांडावेत तशा दोर अडकवायच्या कड्या मांडलेल्या. गिऱ्हाईक आलं की साडूभाऊ दोन तास सोडत नाहीत. दोर साडेनऊ मिलिमीटरचा घ्यायचा की दहाचा? साडेनऊचा हलका, पण लवकर झिजतो. हेल्मेट फोमचं की कडक कवचाचं? फोमचं डोक्याला जाणवत नाही, पण एकदा आपटलं की टाकून द्यायचं. कडीला पेच हवा की आपोआप मिटणारी हवी? माणूस ऐकून ऐकून इतका दमतो की शेवटी तिन्ही घेऊन घरी जातो.

दगडाविषयी त्या दुकानात एक अक्षर नाही. मी एकदा विचारलंसुद्धा, “साडूभाऊ, हे सगळं सामान अडकवायचं कशात?”

“कशात म्हणजे? कातळात.”

“आणि तो कातळ कशात अडकलाय?”

“तुम्ही म्हणजे ना,” ते म्हणाले आणि हसत हसत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता साडूभाऊ आणि मी, आम्हा दोघांच्या मधे माझी मुलगी. लहानपणी दाराच्या चौकटीवर चढून बसायची म्हणून आम्ही तिला खारू म्हणायला लागलो, ते चिकटलं ते चिकटलंच. आता चोवीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि सुट्टीच्या दिवशी कडे चढते. मी तिला चढायला कधीच ‘हो’ म्हटलं नाही. तसं म्हणाल तर मी कशालाच म्हटलं नव्हतं. झोपाळ्याला नाही, सायकलला नाही, पोहायला नाही, कॉलेजच्या सहलीला तर अजिबातच नाही. ज्यानं तीस वर्षं लोकांच्या डोक्यावर काय पडू शकतं एवढंच पाहिलं, तो बाप दुसरं काय म्हणणार? पण सारखं ‘लांडगा आला’ ओरडलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती विचारायचीच बंद झाली. काकांच्या दुकानातून सामान घ्यायची, घरी आल्यावर आईच्या खोलीत लपवायची. मला चढताना कमरेला बांधायचा हार्नेस पलंगाखाली दिसायचा आणि मी दिसला नाही असं दाखवायचो.

तर गावाबाहेरच्या कड्यावर गिर्यारोहण क्लबनं नवी वाट काढली. साडूभाऊ क्लबचे सामानप्रमुख. त्यांनी स्वखर्चानं दोर अडकवायला कातळात चौदा बोल्ट ठोकले आणि प्रत्येक बोल्ट मशीन लावून ओढून पाहिला. दोन टन! एकही जागचा हलला नाही. वाटेला दुकानाचं नाव द्यायचं, रविवारी उद्घाटन करायचं आणि पहिली चढाई खारूनं करायची असं ठरलं. ती त्या आनंदात आठ दिवस जमिनीवर नव्हती.

मी एका संध्याकाळी गुपचूप जाऊन तो कडा पाहून आलो. सवयच ती. खालच्या बारा बोल्टांबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण वर, वीस मीटरवर, कपाटाएवढा एक धोंडा आहे आणि शेवटचे दोन बोल्ट त्यात आहेत. म्हणजे चढणारा वर पोचला की त्याच दोन बोल्टांत दोर ओवून, त्यांच्यावर सगळा भार टाकून खाली उतरणार. मी मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेलो, झाडाला दोर बांधून खाली उतरलो आणि धोंडा ठोकला.

बद्द.

पुन्हा ठोकला, दुसऱ्या बाजूनं ठोकला. बद्द, बद्द.

दगड पाडायला कुणी राक्षस लागत नाही. पाणी लागतं. ते फटीत शिरतं, थंडीच्या रात्री गोठतं, फुगतं आणि दगडाला केसभर पुढं ढकलतं. दिवसा वितळतं. दगड मागं सरायला बघतो, तर तेवढ्यात वरून वाळू फटीत पडलेली असते, ती काही त्याला मागं येऊ देत नाही. दुसऱ्या रात्री आणखी एक केस. त्यात एखादं झाड मूळ घुसवतं आणि ते मूळ दरवर्षी बोटभर जाड होतं. वर उन्हानं कातळ तापतो, संध्याकाळी आकसतो. ही मंडळी शंभर शंभर वर्षं काम करतात, सुट्टी घेत नाहीत. आणि मग एका सकाळी ऊन फटीवर येतं, शेवटचा बर्फ सुटतो आणि लोक म्हणतात, अचानक पडला! अचानक कसला, कपाळ! त्याची तयारी तुमच्या आजोबांच्या आधीपासून चालली होती.

मी क्लबला रीतसर पत्र लिहिलं. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. त्यांनी शनिवारी संध्याकाळी समितीसमोर ते वाचलं आणि मला समोर बसवून विचारलं, “तुमच्याकडे पुरावा काय?”

“आवाज,” मी म्हणालो. “तुम्ही दात ठोकून बघता ना? तसंच.”

“दात मी एक्स-रे काढून बघतो.”

“मग त्या धोंड्याचा काढा. आणि हलणाऱ्या दातावर टोपी बसवायची नसते एवढं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

हे मी बोलायला नको होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. साडूभाऊंनी मशीनचा कागद पुढं केला. दोन टन, सही, शिक्का. “मशीन खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. मशीन खोटं बोलत नाही हे खरंच. बोल्ट दगडात पक्का आहे एवढंच ते सांगतं. दगड कशात पक्का आहे ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. हे मी तीनदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. कागद जिंकला, कान हरला. कोपऱ्यात खारू बसली होती. ती माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

रात्रभर मला झोप नाही. बायको म्हणाली, “अहो, पडा की जरा. तिनं आजवर कुठं काय करून घेतलंय?” तिला काय सांगू? मी पहाटे उठलो, गाडीच्या डिकीत पहार टाकली आणि कड्यावर गेलो. विचार साधा होता. माझी पोर त्या धोंड्याला लटकायच्या आत मीच तो खाली घेतो. मग साडूभाऊंनी मला उभा चिरला तरी बेहत्तर.

उजाडता उजाडता मी त्याच्याशी भिडलो. फटीत पहार घातली, पाय कातळाला लावले आणि सगळा जोर काढला. ढिम्म! जागा बदलली, खालून घातली, बाजूनं घातली. दीड तास. वय एकसष्ट, कंबर कधीच गेलेली, हाताला फोड आले आणि तो गृहस्थ हलायचं नाव घेईना. शेवटी शेवटी फटीतून चिमूटभर वाळू सरसरत खाली गेली. बस्, तेवढंच.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीवरच आहे. आमच्या कामाचा एक नियम होता. छापील नव्हता, पण पहार धरणारा प्रत्येक जण पाळायचा. ज्या दगडाला पहार लावली आणि तो पडला नाही, त्याच्या खालचा रस्ता बंद ठेवायचा. एक अख्खं ऊन त्याच्यावरून जाऊ द्यायचं. कारण पहारेनं दगड पडला नाही तरी त्याची बसलेली घडी मोडते, आणि वाळू गळली म्हणजे आत काहीतरी सरकलेलं असतं. हा नियम मी नव्या पोरांना शिकवायचो. एकदा एकानं मोडला म्हणून त्याला चार माणसांत झापला होता.

वाळू मी पाहिली होती. आणि मी मनाशी म्हणालो, ‘दीड तास जोर लावून हलला नाही म्हणजे पक्काच असणार. म्हातारा झालास ठोक्या, कान गेले तुझे.’ दमलेल्या माणसाला हवं ते पटतं.

खाली येऊन पहार डिकीत लपवली तोवर लोक यायला लागले होते. खारू माझी गाडी बघून थेट माझ्याकडे आली. हार्नेस घातलेला, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर रंग नाही. गाडीच्या मागं मला घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला कधी विचारत नाही. आज विचारतेय. तुम्ही पत्रात लिहिलंत ते खरंच तसं आहे, की मी चढू नये म्हणून लिहिलंत? तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता काकांना सांगते, मी नाही चढत.”

किती वर्षांनी विचारलं होतं तिनं मला! एवढा मोठा कागद, दोन टन, शिक्का, सगळं बाजूला ठेवून पोरगी माझा शब्द मागत होती. मला सांगता आलं असतं, ‘बाळ, मी पहाटे त्याला पहार लावलीय, आज नको, उद्या चढ.’ पण मग मी चोरासारखा जाऊन तिचा दिवस मोडायला निघालो होतो हे तिला कळलं असतं. आणि ती बघत होती ना माझ्याकडे. मला एकदा, फक्त एकदा, ‘हो’ म्हणणारा बाप व्हायचं होतं.

“पक्का आहे,” मी म्हणालो. “मी पुन्हा नीट बघितलाय. जा, चढ.”

तिनं मला मिठी मारली. हार्नेसच्या कड्या माझ्या छातीला टोचल्या. मी इतका खूश झालो होतो की काय सांगू.

कार्यक्रम नऊचा. साडूभाऊंचं भाषण दहा मिनिटांचं, मग फीत, मग चढाई. माइकची वायर पुरेना म्हणून खुर्च्या कड्यापासून बऱ्याच लांब, झाडाखाली मांडल्या होत्या. कड्याच्या अगदी पायाशी, फोटोत वाट मागं दिसावी म्हणून, दुकानातून आणलेल्या हेल्मेटांचं टेबल होतं. साडूभाऊ झाडाखाली माइकपाशी उभे राहिले. “सामान निवडताना,” त्यांनी सुरुवात केली, आणि मी मनात म्हटलं, मेलो! खारूला त्यांनी शेजारी उभं केलं आणि तिच्या अंगावरची एकेक वस्तू दाखवायला घेतली. कमरेचा पट्टा दोन बकलांचा का. मांडीचे पट्टे बदलता येणारे का. बुटाचं टोक खाली वळलेलं असावं की सरळ. दोराचा प्रकार आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं. खारू एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती.

मी कड्याकडे बघत होतो. ऊन माथ्यावर आलं होतं आणि इंच इंच खाली उतरत होतं. ते धोंड्याच्या वरच्या कडेला लागलं तसा मला घाम फुटला. ती चिमूटभर वाळू डोळ्यांपुढून जाईना. आपण ज्याला झापलं होतं तो पोरगा आठवला. मी उठलो. खरंच उठलो. “थांबा,” म्हणालो, “जरा थांबा, तो धोंडा...”

“बसा हो,” अध्यक्ष म्हणाले, “तुमचं पत्र वाचलंय आम्ही.” लोक हसले. साडूभाऊही माइकमधून हसले. आणखी एक वाक्य पुरलं असतं. ‘मी पहाटे त्याला पहार लावलीय.’ एवढं म्हणालो असतो तर दातवाल्या डॉक्टरनंसुद्धा ऐकलं असतं. पण खारू माझ्याकडे बघत होती, आता डोळे न फिरवता. आणि तिच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

मी बसलो.

साडूभाऊ बोलता बोलता सामानातल्या कड्यांवर आले. पेचाची कडी, बिनपेचाची कडी. “आणि ही तिसरी,” ते म्हणाले, तेव्हा आधी टक् असा बारीक आवाज झाला. तो फक्त मला कळला. मग कपाटाएवढा धोंडा निवांतपणे पुढं झुकला, सुटला आणि हेल्मेटांच्या टेबलावर आला. धूळ बसली तेव्हा टेबल नव्हतं. अकरा रंगांचे तुकडे सगळीकडे उडालेले होते. फोमचं की कडक कवचाचं हा प्रश्न निकालात निघाला होता.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भाषण दहा मिनिटांत संपलं असतं तर माझी मुलगी त्या वेळी त्या धोंड्याला लटकलेली असती. तीस वर्षं दगड जाणणाऱ्या बापानं तिला वर पाठवलं होतं, आणि दगडातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसानं तोंडाची टकळी बंद न केल्यामुळे ती जमिनीवर होती. मला साडूभाऊंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

ते मात्र धुळीत शिरून धोंड्याभोवती फिरून आले आणि ओरडले, “बोल्ट शाबूत आहेत! बघा, दोन्ही बोल्ट शाबूत आहेत!” आणि होतेच की. पडलेल्या धोंड्यात दोन्ही बोल्ट नव्या दातांसारखे चमकत होते. आठवड्याभरात त्यांच्या दुकानातला बोल्टांचा माल संपला.

आणि माझं काय झालं म्हणता? माझा सत्कार झाला. पत्र मी लिहिलेलं, भर सभेत उठून ‘थांबा’ मी म्हटलेलं, आणि लोकांनी मला हसून खाली बसवलेलं. अध्यक्षांनी माझे दोन्ही हात धरून माफी मागितली. हाताचे फोड दुखले, पण मी चेहरा हलू दिला नाही. बायको शेजारणींना सांगत सुटली, “यांचा शब्द म्हणजे शब्द.” क्लबनं ठराव केला की यापुढं मी दगड ठोकून ‘हो’ म्हटल्याशिवाय कुणी चढायचं नाही. अपघाताचा अहवालही मीच लिहायचा. मी लिहिला. दगड पडण्याची नैसर्गिक कारणं: फटीतलं पाणी आणि गोठण, झाडाचं मूळ, उन्हानं होणारं प्रसरण, फटीत साठलेली वाळू. एकही शब्द खोटा नव्हता. पाचवं कारण लिहिलं नव्हतं, इतकंच.

अहवालावर साक्षीदार म्हणून खारूची सही हवी होती. ती संध्याकाळी कामावरून आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, सगळा वाचला आणि कागद उलटा ठेवला. आई भांडी घासत होती. ती आत गेल्यावर खारू म्हणाली, “मी आज जेवणाच्या सुट्टीत तो धोंडा बघून आले. मागच्या बाजूला पहारेचे ओरखडे आहेत. ताजे. सात ठिकाणी.”

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारी पोर. तिच्यापासून काय लपणार होतं?

“मी पाडायला गेलो होतो,” मी म्हणालो. “तू चढायच्या आत. पडला नाही.”

“आणि मग पक्का आहे म्हणालात.”

“मला वाटलं...” ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? “नाही. मला तुला ‘हो’ म्हणायचं होतं गं. तू इतक्या वर्षांनी विचारलंस.”

“मी खरं विचारलं होतं, बाबा. हो नव्हतं मागितलं.” तिनं कागदावर हात ठेवला. “आणि नंतर उठलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही बसलात.”

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिनं कागद सरळ केला, पेन घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी स्वच्छ अक्षरात सही केली.

“हे कशाला?” मी म्हणालो. “मी लिहितो ना पाचवं. आत्ता लिहितो.”

“नको. आई किती खूश आहे बघितलंत ना? राहू दे तिचं.” कागद माझ्याकडे सरकवून ती उठली. “पण मला यापुढं काही सांगू नका. हो पण नको आणि नाही पण नको.”

त्याला आता सात महिने झाले. दर रविवारी सकाळी सहा वाजता क्लबच्या माणसांचे फोन सुरू होतात. अमका कडा ठीक आहे का, तमकी वाट चालेल का? साडूभाऊसुद्धा बोल्ट ठोकायच्या आधी मला गाडीत घालून नेतात. मी ठोकतो, ऐकतो, सांगतो, आणि मी सांगेन ते लोक डोळे मिटून मानतात. खारू त्याच वेळी बाहेरच्या खोलीत दोर गुंडाळत असते. तिनं स्वतःची एक हातोडी घेतली आहे. कुठं चाललीस हे मी विचारत नाही, ती सांगत नाही. मी पाण्याची बाटली भरून दारात उभा राहतो. ती बाटली घेते, “येते,” म्हणते आणि जाते.